आवाज शाबूत, जीभ आजारी: ब्रूस डिकिन्सनचं प्रकरण

१८ फेब्रुवारी २०१५ ला ब्रूस डिकिन्सनचे किमो आणि रेडिएशनचे सात आठवडे संपले. दुसऱ्या दिवशी आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडने जाहीर केलं की आपल्या गायकाच्या जिभेच्या मागच्या बाजूला कर्करोगाची गाठ निघाली होती. तोवर बाहेर कुणाला काही कळू दिलं नव्हतं. १५ मे रोजी गाठ गेल्याची बातमी आली, ४ सप्टेंबरला आधीच गाऊन झालेला अल्बम बाजारात आला आणि २४ फेब्रुवारी २०१६ ला फ्लोरिडातल्या सनराइज इथे हा माणूस पुन्हा मंचावर उभा राहिला. वय ५७.

ही धैर्याची गोष्ट म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि धैर्य लागलंच असणार. पण तेवढ्याच धैर्याने आजाराला सामोरे गेलेले अनेक गायक पुन्हा गाऊ शकलेले नाहीत. इथे आवाज वाचला याची कारणं शरीरात आणि दिनदर्शिकेत सापडतात, म्हणून ती नीट मांडणं गरजेचं आहे. गाणाऱ्या माणसांना त्यातून घेण्यासारखं बरंच आहे, मग ते मेटल गात असोत, नाट्यपद गात असोत किंवा लावणी.

गळ्यावर ३३ वर्षांचा भार

डिकिन्सनचा जन्म ७ ऑगस्ट १९५८ चा, इंग्लंडमधल्या वर्कसॉप गावचा. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात इतिहास शिकला, सॅमसन नावाच्या बँडमध्ये गायला आणि सप्टेंबर १९८१ मध्ये पॉल डिआनोच्या जागी आयर्न मेडनमध्ये आला. मार्च १९८२ मध्ये आलेला ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्या अल्बमचा निर्माता मार्टिन बर्च. त्याने शीर्षकगीताच्या सुरुवातीच्या संथ, दबक्या ओळी डिकिन्सनकडून तासन्तास पुन्हापुन्हा गाऊन घेतल्या. आता बास, असं वाटून जो वैताग साचला तो पुढच्या लांबलचक किंकाळीत बाहेर आला.

ऑगस्ट १९८४ ते जुलै १९८५ या अकरा महिन्यांच्या दौऱ्यात बँडने १८० हून अधिक कार्यक्रम केले. सरासरी काढली तर दोन दिवसांत एकाहून जास्त, आणि प्रवासाचे दिवस त्यातच. अशा दौऱ्यात गायकाला सर्दी झाली तरी सुट्टी नसते. १९९३ मध्ये त्याने बँड सोडला, स्वतःचे अल्बम केले, डिसेंबर १९९४ मध्ये युद्धात वेढा पडलेल्या बोस्नियातल्या साराजेव्होत जाऊन गायला आणि १९९९ मध्ये मेडनमध्ये परतला. मधल्या काळात तो वैमानिक झाला आणि पुढे प्रवासी विमानं उडवू लागला. १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर मेडनचा कार्यक्रम झाला. त्यासाठी बँड, माणसं आणि सामान घेऊन आलेलं बोइंग ७५७ विमान त्यानेच उडवत आणलं होतं. त्या दौऱ्याचा पहिला टप्पा ४५ दिवसांत २३ कार्यक्रमांचा होता, आणि त्याची सुरुवात मुंबईतून झाली.

मेटल म्हणजे नुसती आरडाओरड, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक हिशेब बघावा. पुरुष गायक पाश्चात्त्य संगीतातला ‘हाय सी’ हा खूप उंच स्वर लावतो तेव्हा स्वरतंतू सेकंदाला ५०० हून जास्त वेळा एकमेकांवर आदळतात. घसा आवळून हे दीड-दोन तास करता येत नाही, करत राहिलं तर स्वरतंतूंवर छोट्या गाठी येऊ शकतात. डिकिन्सन गातो ते पोटाच्या स्नायूंनी श्वास धरून आणि तोंडाची पोकळी मोठी ठेवून. त्याच्या आवाजाची ताकद बरीचशी त्या पोकळीत आहे. पुढे जे घडलं ते समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

पॅरिसमधले चार महिने

सप्टेंबर ते डिसेंबर २०१४ या काळात पॅरिसच्या गियोम टेल स्टुडिओत ‘द बुक ऑफ सोल्स’चं ध्वनिमुद्रण झालं. एकूण ९२ मिनिटांचा दुहेरी अल्बम. शेवटचं गाणं १८ मिनिटांचं, डिकिन्सनने पियानोवर बसून रचलेलं. विषय आर-१०१ या ब्रिटिश हवाई जहाजाचा: ऑक्टोबर १९३० मध्ये ते इंग्लंडहून कराचीला निघालं आणि फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ कोसळलं, ५४ पैकी ४८ माणसं गेली. (कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. म्हणजे ते जहाज एका अर्थी आपल्याच इलाख्याच्या वाटेवर होतं.)

हे सगळं त्याने गाठ तोंडात असताना गायलं. नंतर त्याने स्वतः आकार सांगितले: जिभेच्या मुळाशी सुमारे साडेतीन सेंटीमीटरची गाठ, म्हणजे गोल्फच्या चेंडूएवढी, आणि मानेतल्या लसिका ग्रंथीत सुमारे अडीच सेंटीमीटरची दुसरी. बाहेरून हाताला लागली ती मानेतली.

इतकी मोठी गाठ असताना माणूस अख्खा अल्बम कसा गाऊ शकतो? कारण गाठ स्वरतंतूंवर नव्हती. स्वरतंतूंच्या कर्करोगात आवाज लवकर बसतो, घोगरा होतो. गायकाला ते लवकर कळतं आणि तो डॉक्टरकडे धावतो. जिभेच्या मुळाची गाठ तसा इशारा देत नाही. ती अनेकदा बरेच महिने दुखत नाही, आवाज बदलत नाही. पहिली खूण बहुतेक वेळा मानेत, जबड्याच्या कोनाखाली लागणारी टणक, न दुखणारी गोळी हीच असते. दाढी करताना, गळ्यात माळ घालताना ती हाताला लागते. “आवाज स्वच्छ लागतोय म्हणजे घसा ठणठणीत आहे” हा गायकांचा समज इथे दगा देतो. सर्दी-खोकला नसताना मानेत अशी गोळी तीन आठवड्यांहून जास्त राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायलाच हवं. तिथे दुर्बिणीने जिभेचं मूळ बघतात, गोळीत सुई घालून पेशी काढतात, संशय आला तर तुकडा तपासायला पाठवतात आणि एमआरआय किंवा पेट-सीटी करतात. नुसती प्रतिजैविकं देऊन महिना काढणं ही यातली नेहमीची आणि महागात पडणारी चूक.

कारण: विषाणू

ही गाठ एचपीव्ही या विषाणूमुळे झाली होती. घशाच्या या भागातल्या एचपीव्हीच्या कर्करोगांत बहुतांश वेळा १६ क्रमांकाचा प्रकार सापडतो. काढलेल्या तुकड्यावर पी-१६ नावाची तपासणी करून गाठ एचपीव्हीची आहे का हे ठरवतात, आणि त्यावरून रुग्णाचं पुढचं चित्र बरंच बदलतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत तीन वर्षांनंतर एचपीव्हीच्या गाठी असलेल्यांपैकी ८२ टक्के रुग्ण जिवंत होते, इतरांपैकी ५७ टक्के. तंबाखूने पेशींची जी चहूबाजूंनी नासधूस होते ती इथे नसते, शिवाय या गाठी किरणांना लवकर दाद देतात.

टप्प्यांच्या बाबतीतही हा फरक दिसतो. वर दिलेल्या मापांची गाठ, मानेत एकाच बाजूची एकच ग्रंथी, असं असेल तर २०१५ मध्ये चालू असलेल्या वर्गीकरणात तो तिसरा टप्पा धरला जाई. २०१८ पासून लागू झालेल्या नव्या वर्गीकरणात हीच एचपीव्हीची गाठ पहिल्या टप्प्यात बसते. रोग तोच. बदलला तो हा अंदाज की माणूस यातून वाचेल की नाही. त्यामुळे जुन्या रिपोर्टवरचा ‘तिसरा टप्पा’ वाचून घाबरण्याआधी गाठ कोणत्या जातीची होती हे विचारावं.

विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, त्यामुळे तेव्हा वर्तमानपत्रांची चर्चा लगेच चघळण्याच्या दिशेने गेली. ते फार वाईट झालं. बहुतेक प्रौढांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी भेटतो आणि बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप जातो. ज्याच्यात तो वर्षानुवर्षं टिकून राहतो त्याच्या वागणुकीचा न्याय करण्यात काहीच अर्थ नाही. डिकिन्सन याबद्दल उघडपणे बोलला, पुरुषांनी मानेतल्या गाठीकडे दुर्लक्ष करू नये असं सांगत राहिला. अल्बमइतकंच हेही त्याचं काम आहे.

महाराष्ट्रात तोंडाच्या कर्करोगाचा मोठा वाटा अजूनही तंबाखू, मिश्री, गुटख्याचा आहे, तेव्हा त्याचं उदाहरण इथल्या प्रत्येक रुग्णाला जसंच्या तसं लागू होत नाही. मात्र १६ क्रमांकाच्या प्रकारावरची लस आता पुण्यातच बनते. सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक जानेवारी २०२३ मध्ये आली, ९ ते २६ वयाच्या मुलींना आणि मुलांनाही देता येते. १४ वर्षांपर्यंत दोन डोस सहा महिन्यांच्या अंतराने, १५ पासून पुढे तीन. ब्रिटनने सप्टेंबर २०१९ पासून १२-१३ वर्षांच्या मुलग्यांनाही एचपीव्हीची लस द्यायला सुरुवात केली. लस संसर्ग टाळते, झालेली गाठ बरी करत नाही.

सात आठवडे

उपचार म्हणजे ३३ वेळा रेडिएशन आणि सोबत किमो. आठवड्यातले पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे साधारण साडेसहा आठवडे. ३३ बैठकींच्या प्रचलित आखणीत दर वेळी गाठीला २.१२ ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचं एकक), एकूण जवळपास ७० ग्रे किरणमात्रा दिली जाते. आपल्याकडे लोक याला शेक म्हणतात, आणि शेवटच्या आठवड्यांत ते नाव पटतं.

सुरुवात होते दातांपासून. किडलेले, हलणारे दात आधीच काढतात, कारण किरण लागलेल्या जबड्यात नंतर दात काढला तर जखम भरत नाही आणि हाड कुजू शकतं. मग गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर आणि खांद्यांवर दाबून मुखवटा घेतात. रोज तो मुखवटा टेबलाला खटके लावून घट्ट बसवतात, म्हणजे डोकं दोन-तीन मिलिमीटरही हलत नाही. प्रत्यक्ष किरण काही मिनिटंच.

गायकासाठी खरी लढाई किरणांच्या आखणीत असते. कानाखालच्या लाळग्रंथींना सरासरी २६ ग्रेपेक्षा कमी आणि स्वरयंत्राला सरासरी ४४ ग्रेच्या आत, ही आखणी करणाऱ्यांची नेहमीची मर्यादा. पहिली ओलांडली तर तोंड कायमचं कोरडं, दुसरी ओलांडली तर स्वरयंत्राला सूज आणि मग कडकपणा. गाठ जिभेच्या मुळाशी असेल तर स्वरयंत्र अगदी जवळ, खालीच असतं, तेव्हा ही जागा वाचवायला कसब लागतं. रुग्ण आवाजावर पोट भरतो हे आखणी करणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत, स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

किमोतही एक खाच आहे. या कर्करोगात सर्रास वापरलं जाणारं सिस्प्लॅटिन वरच्या पट्टीतल्या ध्वनींचं ऐकणं कमी करू शकतं, आणि ते नुकसान परत भरून येत नाही. चाळीस वर्षं ढोल-गिटारांसमोर उभ्या राहिलेल्या कानांना ते जास्त झोंबतं. म्हणून आधी श्रवणचाचणी आणि प्रत्येक मोठ्या डोसनंतर पुन्हा. त्रास कमी म्हणून सेटुक्सिमॅब या दुसऱ्या औषधाकडे वळावं असं बऱ्याच जणांना वाटत होतं, पण २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत ते सिस्प्लॅटिनपेक्षा उणं ठरलं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं. चव जाते. लाळ चिकट दोऱ्यासारखी होते. गिळणं इतकं दुखतं की पाण्याचा घोटही टाळावासा वाटतो, आणि तिथेच घात होतो: गिळणं थांबवलं की गिळण्याचे स्नायू आखडतात, आणि हेच स्नायू गाताना स्वरयंत्र वर-खाली करतात. म्हणून दुखत असलं तरी रोज थोडं गिळायचं, जबडा दिवसातून पाच-सहा वेळा ताणायचा. पुढच्या दातांमध्ये आपली तीन बोटं उभी मावली पाहिजेत, हे घरच्या घरी करायचं माप. दोनच मावत असतील तर जबडा बंद होत चालला आहे. सगळ्यात वाईट काळ उपचार संपल्यानंतरचे दोन-तीन आठवडे, कारण किरणांचा परिणाम यंत्र बंद झाल्यावरही वाढत राहतो. घरच्यांना हे आधी सांगितलेलं नसेल तर त्यांचा धीर तिथे सुटतो.

गाठ पूर्ण विरली का हे ठरवणारी तपासणी साधारण १२ आठवड्यांनी करतात. त्याआधी केली तर सुजेलाच गाठ समजण्याचा धोका. १८ फेब्रुवारीपासून १२ आठवडे मोजले की १३ मे येतो. १५ मेची घोषणा या वेळापत्रकात चपखल बसते.

तोंडातल्या खोलीची नवी रचना

अंगठा हनुवटीच्या मागे, कंठमण्याच्या वर, मऊ जागेत ठेवा. आता “ई” म्हणा, मग “आ” म्हणा. “ई”ला जीभ पुढे सरकते आणि मागे घशात जागा मोकळी होते. “आ”ला जिभेचं मूळ मागे जातं, घशातली जागा अरुंद होते, तोंडातली वाढते. स्वर तोच ठेवून अक्षर बदललं की आवाजाचा रंग बदलतो तो या हालचालीमुळे. जिभेचं मूळ घोड्याच्या नालेच्या आकाराच्या एका छोट्या हाडाला बांधलेलं असतं आणि त्या हाडाखाली स्वरयंत्र टांगलेलं. वरची दोरी ताठ झाली की खालचं भांडंही मोकळं हलत नाही.

डिकिन्सनने नंतर सांगितलं ते नेमकं हेच: जिभेच्या मागच्या भागाचा आकार बदलला, त्यामुळे स्वराक्षरं घडवण्याची जुनी जागा राहिली नाही, ती नव्याने शोधावी लागली. वरची पट्टी मात्र शाबूत राहिली, कदाचित आधीहून चांगली, असंही तो म्हणाला. वर मांडलेल्या रचनेत ते बसतं. स्वर उत्पन्न करणारे तंतू वाचले होते, बदलली होती ती स्वराला आकार देणारी खोली. तीस वर्षं “आ”साठी जीभ जिथे ठेवायची सवय, तिथे ठेवल्यावर आता वेगळाच “आ” येतो. कान ऐकतो, जीभ चुकते, आणि माणूस नकळत घसा आवळून ती चूक भरून काढायला जातो. आवाज तिथे मोडतो.

अशा गळ्याचा रियाज वाचा-उपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, खालून वर बांधत न्यायचा असतो. घशाची जखम भरल्यावर आधी नळीचा रियाज: शीतपेयाची साधी नळी पाण्यात दोन-तीन सेंटीमीटर बुडवायची आणि तिच्यातून गुणगुणत बुडबुडे काढायचे, पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. पाण्याच्या उलट दाबाने स्वरतंतू हलकेच मिटतात, आदळत नाहीत. मग खर्जातून मध्य सप्तकापर्यंत घसीट. मग एकाच स्वरावर अ, आ, ई, ऊ फिरवत जिभेची नवी जागा शोधायची, शक्यतो आवाज मुद्रित करून, कारण आतून ऐकू येणारा आवाज फसवतो. तार सप्तक सगळ्यात शेवटी, आणि सलग दोन दिवस पूर्ण ताकदीने गाणं त्याच्याही नंतर. पाणी सतत जवळ हवं, वाफ हवी. सहा ते बारा महिन्यांनी थायरॉइडची तपासणी करत राहायचं, कारण मानेला लागलेले किरण ती ग्रंथी मंद करू शकतात. थायरॉइड मंदावली की आवाज जड होतो, आणि गायक उगीच रियाजाला दोष देत बसतो.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि बँडने तो दिला. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा निर्णय. अल्बम तयार होता, तो लगेच आणून उन्हाळ्यात दौरा काढायचा मोह कुणालाही झाला असता. त्यांनी अल्बम सप्टेंबरवर नेला, दौरा थेट २०१६ वर. बदली गायक घेतला नाही. उपचार संपल्यापासून पहिल्या कार्यक्रमापर्यंत एक वर्ष आणि सहा दिवस. दरम्यान डिकिन्सनला वैमानिकाचं वैद्यकीय प्रमाणपत्रही पुन्हा मिळवायचं होतं, शिवाय बोइंग ७४७ चालवण्याची पात्रता घ्यायची होती, कारण नव्या दौऱ्याचं विमान तेच होतं.

जुनी गाणी त्यांनी मूळ पट्टीतच ठेवली. वय झालेल्या गायकासाठी गिटार अर्धा-एक स्वर उतरवून घेणं बँडांमध्ये सर्रास चालतं, त्यात कमीपणाही नाही. इथे त्याची गरज पडली नाही. सुरुवातीचं गाणं मात्र विचारपूर्वक निवडलेलं दिसतं: नव्या अल्बमचं पहिलं, ‘इफ इटर्निटी शुड फेल’. पहिल्या ओळी संथ, खालच्या सुरात, मागे ढोल नाहीत, गिटार नाहीत. अंधारात मंचाच्या मागच्या उंचवट्यावर धूर ओकणारी एक कढई, तिच्यावर वाकलेला एकटा डिकिन्सन. आवाज उघडा पडतो, पण घशाला तापायला जागा मिळते. मग सगळी वाद्यं एकदम कोसळतात आणि तो पळत पुढे येतो.